करतपासणीचा विमा घ्यावा का? मुक्त कंत्राटदारांनी आधी करारपत्र तपासावे

गुम्मिडिपूंडी (तामिळनाडू) : चेन्नईच्या उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटरवर, आंध्र प्रदेशाच्या सीमेजवळ गुम्मिडिपूंडी येथे 'सिपकॉट' या राज्य महामंडळाची औद्योगिक वसाहत आहे. महाराष्ट्रातील 'एमआयडीसी'प्रमाणेच अशा वसाहतींतही कारखान्यात काम करणारा प्रत्येक जण त्या कारखान्याचा नोकर असतोच असे नाही. यंत्रांची देखभाल, स्वयंचलन, सुरक्षा तपासणी, गुणवत्ता परीक्षण ही कामे स्वतंत्र अभियंत्यांना कंत्राटाने दिली जाऊ शकतात. त्यांना पगार मिळत नाही, व्यावसायिक शुल्क मिळते. मात्र एकच अभियंता वर्षानुवर्षे एकाच कारखान्यात रोज जात असेल आणि त्याला दरमहा ठरावीक रक्कम मिळत असेल, तर हे शुल्क की पगार, असा प्रश्न प्राप्तिकर विभाग विचारू शकतो. या चौकशीच्या खर्चासाठी विमा घ्यावा का, याचा विचार म्हणूनच आवश्यक ठरतो.

ब्रिटनमध्ये असा विमा रुळलेला आहे. तेथे 'आयआर ३५' या नावाने ओळखले जाणारे नियम एप्रिल २००० पासून लागू आहेत. कंत्राटदाराच्या आवरणाखाली प्रत्यक्षात नोकरी चालत असेल, तर नोकरीप्रमाणे कर आकारणे हा त्यांचा हेतू. एप्रिल २०२१ पासून खासगी क्षेत्रातील मध्यम व मोठ्या कंपन्यांवर हा दर्जा ठरविण्याची जबाबदारी आली. तेथील काही पॉलिसी केवळ सल्लागाराचे शुल्क देतात, तर काही कर व व्याजाचाही भार उचलतात. भारतातील कायद्याची रचना वेगळी असल्याने तेथील उत्तर येथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

कराचा फरक किती?

पगारावर प्राप्तिकर कायदा १९६१ च्या कलम १९२ नुसार, तर व्यावसायिक शुल्कावर कलम १९४ जे नुसार सामान्यतः १० टक्के उद्गम करकपात (टीडीएस) होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या प्राप्तिकर कायदा २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी पगार आणि शुल्क यांतील भेद कायम आहे.

अभियांत्रिकी व तांत्रिक सल्लागारांना कलम ४४ एडीए नुसार एकूण शुल्काच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखविण्याची मुभा आहे. त्यासाठी प्राप्तीची मर्यादा ५० लाख रुपये असून, रोख प्राप्ती पाच टक्क्यांपेक्षा अधिक नसल्यास ती ७५ लाख रुपये आहे. नोकरदाराला ही सवलत मिळत नाही. नव्या करप्रणालीत त्याला ७५ हजार रुपयांची प्रमाणित वजावट मिळते.

समजा, एखाद्या अभियंत्याला २०२५-२६ या आर्थिक वर्षात १२ लाख रुपये शुल्क मिळाले आणि त्याचे अन्य उत्पन्न नाही. नव्या प्रणालीत व्यावसायिक म्हणून त्याचे उत्पन्न सहा लाख, तर नोकरदार म्हणून सव्वाअकरा लाख रुपये ठरेल. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करसूट असल्याने दोन्ही स्थितींत त्याचा कर शून्य राहील.

शुल्क २४ लाख रुपये असेल, तर चित्र बदलते. व्यावसायिक म्हणून त्याचे उत्पन्न १२ लाख आणि कर शून्य. हीच रक्कम पगार मानली गेल्यास उत्पन्न २३ लाख २५ हजार रुपये होते आणि उपकरासह कर २ लाख ९२ हजार ५०० रुपये येतो. त्यावर व्याज लागते. उत्पन्न कमी दाखविल्याचा ठपका आल्यास कराच्या ५० टक्के दंडही होऊ शकतो. मात्र सर्व तथ्ये उघड केलेली असतील आणि स्पष्टीकरण प्रामाणिक असेल, तर या दंडातून सुटका होण्याची तरतूद कायद्यात आहे.

आधी विचारणा कोणाकडे?

करकपात कमी झाल्याचा आक्षेप असेल, तर तो प्रथम पैसे देणाऱ्या कंपनीवर येतो. कलम २०१ नुसार कंपनी कसूरदार ठरू शकते आणि कमी कापलेल्या रकमेवर दरमहा एक टक्का व्याज लागते. कंत्राटदाराचे स्वतंत्र करनिर्धारणही होऊ शकते. शिवाय, कर, व्याज व दंडाची भरपाई कंत्राटदार करील, असे कलम करारात असेल, तर कंपनीवरचा बोजाही त्याच्याकडे वळतो. सही करण्यापूर्वी हे कलम शोधून त्याला मर्यादा घालून घेणे महत्त्वाचे आहे.

विमा की सेवा?

भारतात मोठ्या कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत करदायित्वाचा विमा उतरविला जातो. वैयक्तिक कंत्राटदाराला मात्र करविवरणपत्र भरून देणाऱ्या संस्थांच्या 'नोटीस साहाय्य' योजना दिसतात. या योजना म्हणजे सेवेचा करार असतो. विमा व्यवसायासाठी विमा कायदा १९३८ नुसार नोंदणी आवश्यक असते. विम्याची तक्रार विमा लोकपालाकडे नेता येते, तर सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाकडे जावे लागते. 'प्रोफेशनल इन्डेम्निटी' हा विमाही वेगळा आहे. कामातील चुकीमुळे ग्राहकाचे नुकसान झाल्यास तो उपयोगी पडतो. आपल्याच करासाठी तो नसतो.

अशा योजनेतून सल्लागाराचे शुल्क वाचू शकते, पण कर स्वतःच भरावा लागतो. आयुक्तांकडील पहिल्या अपिलाचे सरकारी शुल्क उत्पन्न दोन लाखांवर असल्यास एक हजार रुपये आहे. अपील प्रलंबित असताना वसुली थांबविण्यासाठी मात्र सामान्यतः मागणीच्या २० टक्के रक्कम भरावी लागते. वरील उदाहरणात केवळ कराच्या मागणीवर ती ५८ हजार ५०० रुपये होते.

न्यायालये काय पाहतात?

पुण्यातील रुबी हॉल क्लिनिक चालविणाऱ्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनच्या प्रकरणात सल्लागार डॉक्टरांना दिलेली रक्कम पगार आहे, अशी प्राप्तिकर विभागाची भूमिका होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती मान्य केली नाही. करार एकत्रितपणे वाचून, संबंधित डॉक्टरांशी रुग्णालयाचे मालक-नोकर असे नाते नसल्याचा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या मीठ कामगारांच्या खटल्यात काम कसे करावे, यावरील नियंत्रणाला महत्त्व दिले होते. एप्रिल २०२० मधील निकालात मात्र कोणतीही एकच कसोटी पुरेशी नसल्याचे या न्यायालयाने स्पष्ट केले. हा वाद विम्याचाच होता. गुजरातमधील एका नेत्र रुग्णालयाचे शल्यचिकित्सक रुग्णालयाच्या वाहनाला झालेल्या अपघातात मरण पावले. ते नोकर असल्याने आपले दायित्व मर्यादित आहे, असा विमा कंपनीचा दावा होता. तो फेटाळला गेला, पण अपघात १९९७ मधला होता. विमा असूनही दर्जाच्या वादात कुटुंबाची दोन दशके गेली.

निर्णय कसा घ्यावा?

वार्षिक शुल्क पावणेतेरा लाख रुपयांच्या आत आणि अन्य उत्पन्न नसलेल्या कंत्राटदाराला २०२५-२६ च्या दरांनुसार केवळ दर्जाच्या वादामुळे जादा प्राप्तिकर लागत नाही. त्याने केवळ या भीतीपोटी हप्ता भरण्याचे कारण नाही.

शुल्क त्याहून अधिक आणि ग्राहक एकच असेल, तर धोका खरा आहे. अशा वेळी पहिला खर्च सनदी लेखापालाकडून करार तपासून घेण्यावर करावा. कामाची व्याप्ती, बदली माणूस पाठविण्याची मुभा, स्वतःची साधने, अन्य ग्राहकांची कामे आणि प्रत्येक कामाचे बिल यांची नोंद ठेवावी. रजा, बोनस किंवा हजेरीपट करारात किंवा व्यवहारात असल्यास ते विरोधात जाऊ शकतात. जुने करनिर्धारण पुन्हा उघडण्याची सामान्य मुदत करनिर्धारण वर्ष संपल्यापासून तीन वर्षे तीन महिने आहे. लपलेले उत्पन्न ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास ती पाच वर्षे तीन महिन्यांपर्यंत जाते. तोवर कागदपत्रे जपावीत आणि वाचलेल्या कराचा काही भाग बाजूला ठेवावा.

त्यानंतरही योजना घ्यावीशी वाटल्यास चार गोष्टी लेखी विचाराव्यात : मागील वर्षांच्या नोटिशी समाविष्ट आहेत का, अपिलाचे काम होते का, सल्लागार निवडण्याची मुभा आहे का आणि खर्चाची कमाल मर्यादा किती. यांची स्पष्ट उत्तरे मिळत नसतील, तर तीच रक्कम आपल्या लेखापालाच्या शुल्कासाठी राखून ठेवणे अधिक हिताचे ठरेल.