पानांवरील मंत्र आणि संगणकाचा निवाडा

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १२० पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. त्यांतील पाच रंगांत अंकांमध्ये दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या पाचांत एक्का. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो उतारी करतो. रात्री तो मान कृष्णाकडे जातो. यांपैकी काहीही त्या गोल, लाखी पानांवर लिहिलेले नसते. खेळणाऱ्यांस ते मुखोद्गत असते.

संगणकास मुखोद्गत असे काही नसते. शिवाय १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या रिचर्ड गारफील्ड यांच्या खेळापासून पानांवरच मंत्र छापण्याची प्रथा रूढ झाली. असे पान खेळाचा सर्वसाधारण नियमही मोडू शकते. हा खेळ संगणकावर आणावयाचा तर ‘हे पान आले की असे कर’ अशी आज्ञा प्रत्येक पानासाठी लिहिता येईल; पण उद्या ‘प्रत्येक अग्निमंत्राची इजा एकाने वाढते’ असे नवे पान आले, की जुनी सारी पाने पुन्हा लिहावी लागतील. म्हणून मंत्राचे तीन भाग पाडतात : केव्हा, कोणावर आणि काय. ‘काय’ या सदरात इजा करणे, पान उचलणे, बळ वाढविणे अशा मोजक्याच क्रिया येतात. खेळाच्या इंजिनास ‘अग्निबाण’ ठाऊक नसतो. त्यास ‘इजा’ तेवढी ठाऊक असते. इजा करण्यापूर्वी ते तशी घोषणा करते आणि तिची वाट पाहणारी पाने इजेचा आकडा बदलतात.

खरी कसोटी क्रमाची. समजा, एका योद्ध्याचे बळ ३ आहे. प्रतिपक्षाने त्यावर ३ इजेचा अग्निबाण सोडला; त्याला उत्तर म्हणून योद्ध्याच्या धन्याने बळ २ ने वाढविणारे कवच खेळले. मंत्र रांगेने फळले तर बाण प्रथम लागून योद्धा मरतो आणि कवच वाया जाते. पण मंत्र उतरंडीतील मडक्यांप्रमाणे रचले, म्हणजे शेवटी ठेवलेले प्रथम उचलले, तर बळ आधी ५ होते आणि योद्धा २ बळानिशी वाचतो. ‘मॅजिक’ने १९९९ साली ही उतरंडीची रीत स्वीकारली. घरच्या डावात तंटा झाला तर वडीलधारे निवाडा करतात. दूरदूरच्या गावी बसलेल्या दोघांमध्ये मात्र इंजिन हाच पंच, आणि त्याच्या निवाड्यावर अपील नाही.

बळाचा आकडा खोडून नवा लिहिणेही धोक्याचेच. ३ मध्ये एका फेरीपुरते २ मिळविले, मग दुसऱ्या मंत्राने ते कायमचे दुप्पट केले : १०. फेरी संपल्यावर २ वजा केले, तर ८ उरतात; वास्तविक ६ हवेत. म्हणून मूळ आकडा जपून, लागू असलेल्या मंत्रांचा हिशेब दर वेळी नव्याने करतात.

२०१९ साली तीन संशोधकांनी दाखविले, की ‘मॅजिक’च्या पानांतून संगणकाची कोणतीही आकडेमोड घडवून आणता येते. त्यामुळे मंत्रांची एखादी साखळी कधी थांबेल की नाही, हे इंजिनास प्रत्येक वेळी आधी सांगता येणे शक्य नाही. ती किती वेळा फिरू द्यावयाची, याची मर्यादा रचनाकारासच ठरवून द्यावी लागते.