लिलाव शेडच्या लाइटचा हिशोब

गेल्या हंगामात पहाटे लिलाव शेडची लाइट गेली, तो दिवस आठवतो ना? टॉर्चच्या उजेडात बांगडा विकला आणि दर पडला तो पडलाच. चूक आमचीच होती. डीप फ्रीझर लाइटच्याच लाइनवर लावलेला. तो सुरू होताना काही पट करंट ओढतो, ६ अँपिअरचा एमसीबी सारखा पडायचा, म्हणून कुणीतरी १६ चा बसवला आणि आम्ही गप्प बसलो. एमसीबी पडायचा थांबला, वायर मात्र तापत राहिली. पट्टी उघडली तर आवरण वितळलेलं. खाली ओली फरशी आणि आमच्या बायका अनवाणी.

१ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्यात सगळी वायरिंग बदलली. वायरमनसोबत बसून केलेला हिशोब देतोय, घरच्या बर्फखोलीला किंवा दुकानालाही चालेल.

शेड १० मीटर बाय ६, म्हणजे ६० चौरस मीटर. मासळी नीट दिसायला २०० लक्स धरले. ६० गुणिले २००, झाले १२,००० ल्युमेन. २० वॅटची एलईडी ट्यूब साधारण २,००० ल्युमेन देते, पण धूळ, खारा वारा आणि काळवंडलेलं छप्पर यात निम्मा उजेड जातो असं धरलं. म्हणून ट्यूब ६ नाही, १२. आयपी ६५ च्या घेतल्या, थोड्या महाग पडल्या.

त्यात ७५ वॅटचे ४ पंखे, बाहेर ३० वॅटचे २ दिवे आणि वजनकाट्याच्या चार्जिंगला २ सॉकेट, प्रत्येकी १०० वॅट धरून. एकूण ८०० वॅट, २० पॉइंट. लाइटच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट, यापेक्षा जास्त नको असा आपल्याकडचा नियम. वॅट बसतात, पॉइंट बसत नाहीत. म्हणून दोन सर्किट केली, एकेकावर १० पॉइंट आणि ४०० वॅट. ४०० भागिले २३० म्हणजे पावणेदोन अँपिअर. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ६ चा एमसीबी भरपूर झाला.

ट्यूब एक सोडून एक जोडल्यात. एक सर्किट गेलं तरी अर्धा उजेड राहतो, लिलाव थांबत नाही. फ्रीझरला वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी. मेनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे, तिचं टेस्ट बटण दर महिन्याला आम्ही दाबतो.

बोर्डाला कुलूप लावलंय. चावी ऑफिसात. एमसीबी पडला तर आधी फोन करा, बदलू नका.