मोटारसायकलच्या बदली सायलेन्सरची निवड : तंत्र, कायदा आणि सामाजिक जबाबदारी
(अमरावती व अकोला शहरांच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

वऱ्हाडातील महाविद्यालयीन जीवनात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. खेड्यापाड्यांतून अमरावती व अकोल्यात शिकावयास येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ती गरज होय. मात्र वाहन हाती येताच अनेकांचे लक्ष प्रथम सायलेन्सरकडे जाते. 'इंदोरी', 'पंजाबी', 'डॉल्फिन' अशा नावांनी विकले जाणारे बदली सायलेन्सर, विशेषतः बुलेटसाठी, सहज उपलब्ध आहेत. त्यांची निवड आवाज ऐकून केली जाते. यंत्र, कायदा आणि शेजार यांचा विचार मागे पडतो. हा विचार कोणत्या क्रमाने व्हावा, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सायलेन्सरचे कार्य

इंजिनाची निकास झडप उघडताच तप्त वायू दाबाच्या लाटेच्या रूपाने नळीत शिरतो. सायलेन्सरमधील कप्पे व छिद्रयुक्त नळ्या या लाटेचे विभाजन करून तिची शक्ती क्षीण करतात. काही प्रकारांत काचलोकर ध्वनी शोषून घेते. परंतु आवाज कमी करणे एवढेच त्याचे कार्य नाही. नळीची लांबी व व्यास यांवर परत येणाऱ्या लाटेची वेळ ठरते आणि तिच्यावर सिलिंडर कितपत रिकामा होतो हे अवलंबून असते. उत्पादक ही जुळणी रोजच्या वापरातील वेग डोळ्यांपुढे ठेवून करतो. म्हणूनच १०० ते १५० सीसीच्या गाडीला मोकळी नळी बसविल्यास आवाज वाढतो, पण कमी वेगातील ओढ बहुधा घटते. मोठा आवाज म्हणजे अधिक शक्ती, हा समज शास्त्राला धरून नाही.

निकासातील अडथळा बदलला की हवा व इंधन यांचे प्रमाणही बदलते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत जेट पुन्हा जुळवावे लागते, अन्यथा मिश्रण विरळ होऊन इंजिन अधिक तापण्याची शक्यता असते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या गाड्यांत ऑक्सिजन संवेदक मिश्रण सुधारतो, पण काही मर्यादेपर्यंतच. या गाड्यांत विषारी वायूंचे रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही मॉडेलांत पुढच्या नळीत, तर काहींत सायलेन्सरमध्येच असतो. दुसऱ्या प्रकारात सायलेन्सर बदलला की प्रदूषण नियंत्रणाची व्यवस्थाच निघून जाते.

कायदेशीर चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० अन्वये प्रत्येक वाहनास आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. १ एप्रिल २००५ पासून उत्पादन स्तरावर लागू झालेल्या मानकांनुसार मोटारसायकलची ध्वनिमर्यादा ८० सीसीपर्यंत ७५, ८० ते १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबल ठरविण्यात आली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत फेरबदलास मनाई करते. ध्वनी व वायुप्रदूषणाची मानके मोडल्यास कलम १९०(२) लागू होते. २०१९ च्या सुधारणेनुसार पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, तसेच तीन महिन्यांसाठी परवान्याची अपात्रता अशी तरतूद आहे.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पहिला पीयूसी प्रमाणपत्राचा. पेट्रोल वाहनाच्या या तपासणीत निकास वायूतील घटक मोजले जातात, आवाज नव्हे. म्हणून पीयूसी असणे हा सायलेन्सर वैध असल्याचा पुरावा ठरत नाही. दुसरा विदेशी मान्यता-चिन्हाचा. युरोपातील चिन्ह असलेला सायलेन्सर भारतात आपोआप मान्य होत नाही.

आवाजाचा सामाजिक परिणाम

डेसिबल ही लघुगणकीय मोजणी आहे. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेत दहापट वाढ. कानाला तो आवाज सुमारे दुप्पट भासतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. समजा, एखाद्या गाडीचा आवाज ७.५ मीटरवर ९५ डेसिबल आहे. तर १२० मीटरवरही तो सुमारे ७१ डेसिबल राहील. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्याभोवतीचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते आणि तेथे दिवसाची सरासरी मर्यादा ५०, तर रात्रीची ४० डेसिबल आहे. अमरावतीचे इर्विन रुग्णालय किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय यांच्या शेजारून जाणारी एकच गाडी काय करू शकते, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणारा घाटरस्ता तर मेळघाटच्या वनक्षेत्राशी निगडित आहे. तेथील शांततेवर वन्यजीवांचाही हक्क आहे.

निवडीचे निकष

सायलेन्सर गंजला वा फुटला असेल, तर त्याच मॉडेलसाठी उत्पादकाने दिलेला सुटा भाग हाच सर्वांत सुरक्षित पर्याय होय. अन्य पर्यायाचा विचार करताना पुढील प्रश्न विचारावेत. तो आपल्याच मॉडेलसाठी बनला आहे काय व भारतीय मानकांनुसार त्याची चाचणी झाल्याचे कागद विक्रेता देतो काय? कॅटॅलिटिक कन्व्हर्टर व संवेदकाची जागा कायम राहते काय? आतील आवाजरोधक भाग पक्का आहे, की काढून टाकता येतो? धातू गंजरोधक आहे काय, जोडावरील गॅस्केट व आधारपट्टी नीट बसते काय? यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर नकारार्थी असल्यास किंमत कितीही कमी असली तरी ती खरेदी टाळावी. मूळ सायलेन्सर भंगारात न देता जपून ठेवणेही हिताचे.

समारोप

पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची दृश्ये महाराष्ट्रातील शहरांना नवी नाहीत. कारवाईने भीती निर्माण होते. समज मात्र शिक्षणातूनच येते. भौतिकशास्त्राच्या तासाला लाट व डेसिबल शिकविताना, महाविद्यालयाच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या गाडीचे उदाहरण हाताशीच असते. ज्या विद्यार्थ्याला आपल्या सायलेन्सरच्या आत काय चालते हे कळले, तो आवाजाला शक्ती समजण्याची चूक सहसा करणार नाही. त्या दृष्टीने प्राध्यापकवर्गाची जबाबदारी वाहतूक पोलिसांइतकीच महत्त्वाची ठरते.