उघडा पडलेला जांभा

जुन्या वास्तूंची डागडुजी : भाग ६

मागच्या आठवड्यात आपण छपरावर होतो: वासे, रिपा, कौलं आणि पन्हळीत अडकलेला पाचोळा. पाणी वरून कसं येतं ते झालं. आज ते बाजूनं आणि खालून कसं येतं ते बघायचं, म्हणजे भिंतीपाशी उभं राहायचं. त्यासाठी जुन्या गोव्याला जाऊ. भिंतीचं काय करू नये याचा आपल्या किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा धडा तिथे आहे, आणि तो बघायला रोज बसगाड्या भरून माणसं येतात.

बॉम जीझस बासिलिकेचं काम १५९४ साली सुरू झालं, १६०५ मध्ये तिचा अभिषेक झाला. बांधणारे जेझुइट, लांबी साधारण ५५ मीटर, आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव. १९८६ पासून जुन्या गोव्यातल्या इतर चर्चांसोबत ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. पोस्टकार्डावर ती दिसते ती तांबूस-तपकिरी, उघड्या दगडाची, जराशी उग्र. समोरचं से कॅथेड्रल पांढरंशुभ्र आणि ही अशी. बघणाऱ्याला वाटतं, बांधणाऱ्यांनीच मुद्दाम हा फरक ठेवला असेल. तसं काही नाही. सुमारे साडेतीनशे वर्षं ही इमारतही चुन्याच्या गिलाव्यात होती. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांत, बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली तो गिलावा खरवडून काढला गेला.

का काढला? पोर्तुगालमध्ये तेव्हा सालाझारची हुकूमशाही होती. देशाचा अस्सल जुना चेहरा लोकांना दिसावा म्हणून स्मारकांवरचे नंतरचे थर उतरवायची त्या सरकारला मोठी हौस. कास्त्रो तिथल्या स्मारक खात्यातच मुरलेला माणूस. उत्तर पोर्तुगालमधल्या ग्रॅनाइटच्या चर्चांना हा सोस एक वेळ सोसला, कारण ग्रॅनाइट उघडा राहिला तरी शतकं काढतो. तोच हिशोब मांडवीकाठच्या जांभ्याला लावला गेला. आणि गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत.

जांभा कोकणातल्या माणसाला ओळखीचा आहे. चिरेखाणीतून निघतो तेव्हा तो मऊ असतो, हत्याराने सरळ तासता येतो. वाऱ्याउन्हात राहिला की कडक होतो. या कडकपणावर लोकांचा जरा जास्तच विश्वास. जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचं जाळं, आणि जाळ्याच्या भोकांत चिकणमाती. कडक होतं ते जाळं. माती मातीच राहते. पाऊस थेट लागू लागला की ती धुपून जाते, भोकं मोठी होतात, भोकांत शेवाळ धरतं, शेवाळात धूळ, आणि त्या धुळीत पक्ष्याने टाकलेलं पिंपळाचं बी. त्यातच जमिनीतून ओल वर चढते ती क्षार घेऊन. पाणी उडून जातं, क्षार दगडाच्या तोंडाशी साचतात, त्यांचे स्फटिक वाढू लागतात आणि दगडाचा पृष्ठभाग पीठ होऊन गळतो. भिंतीला लोणा लागला म्हणतात, तो हा.

चुन्याचा गिलावा यातलं काही कायमचं थांबवत नाही, तो ते सगळं स्वतःवर घेतो. माठासारखं त्याचं काम: ओल आत घ्यायची आणि बाहेर सोडायची. पावसात भिंत ओलावते, उघडीप मिळाली की सुकते. क्षार यायचेच, पण ते गिलाव्यात येऊन साचतात. काही वर्षांनी गिलावा भुगा होतो, तेवढा भाग खरवडून नवा करायचा. म्हणजे झिजण्यासाठीच एक थर दगडावर चढवलेला असतो. कास्त्रोच्या माणसांनी नेमका तोच काढला. आज बासिलिकेच्या बाहेरच्या भिंतींकडे जवळून पाहिलं तर चिऱ्यांची तोंडं कुठे कुठे दरजांपेक्षा आत गेलेली दिसतात.

दर्शनी भागात आणखी एक गोष्ट बिघडली, तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. तिथले कोरीव अर्धस्तंभ जांभ्याचे नाहीत. जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही, म्हणून त्यासाठी बसाल्ट आणला आणि तोही थेट वसईहून. इतक्या लांबून गलबतात घालून काळा दगड आणायचा, तो पांढऱ्या भिंतीवर उठून दिसावा म्हणूनच, असं मला वाटतं. आता तपकिरीवर करडा-काळा अशा सरमिसळीत ती नक्षी हरवते. दगड 'मोकळा' करायच्या नादात बांधणाऱ्याने आखलेलं चित्रच पुसलं गेलं.

याच काळात गोव्यातल्या वाड्यावाड्यावरची चर्चं मात्र शाबूत राहिली. तिथे कोणी तज्ज्ञ फिरकला नाही, हे त्यांचं नशीब. पावसाळा संपला की शेवाळ घासायचं, फुगलेला गिलावा ठोकून पाहायचा, पोकळ वाजेल तिथे नवा भरायचा आणि फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाच्या, आधी सबंध चर्चला चुना मारायचा, हा गावचा रिवाज. यात संवर्धन नावाचं काही आपण करतो आहोत असं कुणाच्या मनातही नसायचं. फेस्ताला चर्च स्वच्छ दिसलं पाहिजे, एवढंच. जिथे माणसंच राहिली नाहीत तिथे काय होतं तेही जुन्या गोव्यातच दिसतं. १८३५ मध्ये धर्मसंघांना गोव्यातून घालवल्यावर सेंट ऑगस्टिनचं प्रचंड चर्च ओस पडलं. १८४२ मध्ये त्याचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भिंत गेली. अर्धा मनोरा तेवढा उरला. त्याची मोठी घंटा मात्र आजही वाजते, पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चवर.

पण वाड्यावरच्या चर्चांचं हे कौतुक फार ताणू नये. सिमेंट तिथेही पोचलं. चुना मळणारे गवंडी म्हातारे झाले, घाणी बंद पडल्या, गावात पैसा आला आणि 'एकदाच पक्कं करून टाकू' हे वाक्य सभांमधून ऐकू येऊ लागलं. सिमेंटचा गिलावा जांभ्यापेक्षा कडक आणि जवळजवळ बंदिस्त. त्याला केसाएवढ्या भेगा पडतातच. भेगेतून पाणी आत जातं आणि बाहेर यायची वाट मिळत नाही. ओल मग सिमेंटच्या पाठीमागे वर चढत राहते आणि क्षार थेट दगडात साचतात. शेवटी सिमेंटचा पापुद्रा सुटतो तेव्हा चिऱ्याचं तोंड सोबत घेऊनच पडतो. त्यावर प्लास्टिक इमल्शन रंग चढवलेला असेल तर आतला प्रकार बाहेर कळायलाही उशीर होतो. वसई असो की सावंतवाडी, जुन्या चर्चची, देवळाची किंवा वाड्याची भिंत कमरेइतक्या उंचीवर एका रेषेत फुगलेली दिसली, की निम्म्या वेळा कारण हेच असतं.

मग दुरुस्ती कशी करायची? आधी पाण्याचा माग. छप्पर गळतंय का, पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायाशीच पडतंय का, बाहेर फरशी घालताना जमिनीची पातळी जोत्याच्या वर तर नेली नाही ना. हे निस्तरल्याशिवाय गिलाव्याला हात लावणं म्हणजे पैसे ओतणं. त्यानंतर सिमेंट काढायचं, तेही छिन्नी-हातोडीनेच. यंत्राच्या धक्क्याने जांभ्याचे चिरे खिळखिळे होतात. मग भिंत उघडी ठेवून वाळू द्यायची. हा टप्पा मंडळींना सर्वांत जड जातो, कारण महिनोन्‌महिने चर्च विद्रूप दिसतं आणि काम बंद पडलंय असं वाटतं. वाळता वाळता क्षार बाहेर येतात. ते कोरड्या ब्रशने झाडायचे, फार असतील तर कागदाच्या लगद्याचे ओले लेप लावून ओढून घ्यायचे. पाण्याने धुवायचे नाहीत, धुतले की ते पुन्हा आत जातात.

जुना गिलावा कुठे कोपऱ्यात शिल्लक असेल तर त्याचा तुकडा तपासायचा. रूढ पद्धत म्हणजे तो आम्लात टाकायचा: चुना विरघळतो, वाळू उरते, तिच्यावरून प्रमाण कळतं. आपल्या किनाऱ्यावर इथे एक मेख आहे. वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तोही आम्लात विरघळतो, आणि मग चुना होता त्याहून जास्त होता असा निष्कर्ष निघतो. म्हणून तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीही बघितलेला बरा. चुना शक्यतो शिंपल्यांचा किंवा चांगल्या चुनखडीचा. कळीचा चुना पाण्यात विरवून काही महिने बुडवून ठेवलेला. काही जुने गवंडी त्यात गुळाचं आणि बेलफळाचं पाणी घालतात. मोसम ऑक्टोबर ते मार्च. पातळ थर द्यायचे, दोन थरांमध्ये दम धरायचा, वर ओलं गोणपाट. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश पुन्हा दगड होतो. घाईने सुकवला तर भुसभुशीत राहतो. उपासना थांबवता येत नसते, म्हणून परांची एका वेळी एकाच बाजूला बांधतात आणि मिस्सा दुसऱ्या बाजूला चालू राहते. मुंबईत भायखळ्यातल्या दोन चर्चांनी, क्राइस्ट चर्चने आणि ग्लोरिया चर्चने, दुरुस्तीनंतर २०१७ आणि २०१९ मध्ये युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळवले. वापरात असलेलं चर्च नीट दुरुस्त होतं याला तेवढा दाखला पुरे.

राहता राहिला प्रश्न बासिलिकेचा. तिला पुन्हा गिलावा करावा का? विरोधकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. ते १९६४ च्या व्हेनिस सनदेकडे बोट दाखवतात: वास्तूत प्रत्येक काळाने घातलेल्या भरीचा मान राखावा, असं ती सांगते. सत्तर वर्षांचा तपकिरी चेहराही आता इतिहासच, लाखो लोकांच्या मनात तोच बसलाय. पण कास्त्रोने भर काय घातली? त्याने वजाबाकी केली. अंदाजाने काही उभारू नये, हेही तीच सनद बजावते, आणि इथे अंदाजाची गरज नाही; गिलाव्यातल्या बासिलिकेची जुनी छायाचित्रं आहेत. पर्यटकांच्या सवयीसाठी दगड गळू देणं मला तरी पटत नाही.

खरी अडचण तांत्रिक आहे. सात दशकं भिजलेल्या, क्षार प्यायलेल्या, भोकाभोकांच्या दगडावर नवा चुना धरेल का? एकदम सगळ्या भिंतीला हात लावायची कुणी घाई करू नये. मागच्या बाजूच्या एका पट्ट्यावर दोन-तीन मिश्रणं लावावीत, शेजारी तेवढाच पट्टा उघडा ठेवावा, आतल्या ओलीच्या नोंदी घ्याव्यात आणि निदान दोन पावसाळे वाट पाहावी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे अशा कामाची माणसं आहेत.

पुढच्या आठवड्यात आत जाऊ: सोनेरी वेद्या, त्यांच्यामागचं सागवान आणि वाळवी.