गेमिंग आणि रोजच्या कामासाठी मॉनिटर घेताय? आधी हे आकडे बघा

पलूसला बसून ऑनलाइन मॉनिटर मागवताना स्क्रीन आधी बघता येत नाही. म्हणून आकडे वाचता आले पाहिजेत.

रिझोल्यूशन: फुल एचडी म्हणजे १९२०×१०८० पिक्सेल. २४ इंची स्क्रीनवर इंचाला साधारण ९२ पिक्सेल बसतात, २७ इंचीवर ८२च. त्यामुळे मोठ्या स्क्रीनवर अक्षरं भरड दिसतात.

रिफ्रेश रेट: १४४ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतं. पण तुमचं ग्राफिक्स कार्ड गेममध्ये ६० फ्रेमच देत असेल, तर गेमसाठी जादा पैसे वाया!

पॅनल: आयपीएस घ्या, बाजूनं बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत.

थोडक्यात, अभ्यास आणि गेम दोन्हीसाठी २४ इंची फुल एचडी आयपीएस पुरे. १४४ हर्ट्झचा घेतलाच, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रेट तपासा. बऱ्याचदा तो ६०वरच असतो.