वाया जाणारी धग

आपल्या चुलीला वैल असतो. चुलीवर भाकरी होते आणि शेजारी वैलावर आमटी रटरटते. वैलासाठी वेगळे सरपण लागत नाही. जी धग वाया जायची, तीच कामाला लागते. आपल्या आयाबायांची ही जुनी अक्कल आज मोठ्या शहरांत सांडपाण्याच्या कामी वापरतात. ती कशी, ते पाहू.

सांडपाणी साफ का करायचे? वरच्या गावाने नदीत घाण सोडली, की ती खालच्या गावाच्या घागरीत येते. त्यातून पटकी, हगवण, कावीळ पसरते. म्हणून शहराचे पाणी साफ करूनच सोडले पाहिजे. पण त्याला वीज फार लागते. पाणी उपसायला पंप, पाण्यात हवा सोडायला यंत्रे; ती रात्रंदिवस चालतात. वीज गेली, किंवा बिल परवडले नाही, तर घाण तशीच नदीत जाते. भोग मात्र खालच्या गावाला!

मग वीज आणायची कोठून? उत्तर त्या घाणीतच आहे.

सांडपाणी मोठ्या हौदात संथ ठेवले, की साका तळाशी बसतो. तो साका बंद टाकीत घालतात. तेथे वारा लागत नाही. बारीक जंतू त्यावर जगतात आणि गॅस तयार होतो. गोबरगॅसच्या टाकीत होते, तेच हे. इंग्लंडात एक्झेटर शहरी १८९५ च्या सुमारास असल्या गॅसवर दिवे लावले होते. आपल्या मुंबईत माटुंग्याला कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ च्या सुमारास त्यावर इंजिन चालवले.

इंजिन फिरले, की वीज होते. पण हिशेब पाहा. गॅस जळून १०० भाग उष्णता निघाली, तर चांगल्या इंजिनातही तिच्या ३५ ते ४० भागांचीच वीज होते. बाकीची कोठे जाते? इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात आणि धुरात. येथेच वैल लागतो.

पहिला वैल उबेचा. टाकीतल्या जंतूंना सुमारे ३५ ते ३७ अंश ऊब मानवते. ज्यांच्या घरी गोबरगॅस आहे त्यांना ठाऊकच आहे, की थंडीत गॅस कमी निघतो. म्हणून इंजिनाच्या कढत पाण्याने टाकीतला साका गरम ठेवतात. मग थंडीतही गॅस भरपूर निघतो.

दुसरा वैल विजेचा. पाणी उकळायला १०० अंश लागतात. पण पेंटेन नावाचा एक द्रव ३६ अंशांवरच उकळतो. उरलेल्या धगीने असला द्रव बंद नळ्यांत उकळवतात. त्याच्या वाफेने चाक फिरते आणि वीज होते. वाफ थंड करून पुन्हा द्रव करतात, पुन्हा उकळवतात. मात्र अशा मंद धगीच्या १०० भागांतून १० च्या आसपासच भागांची वीज मिळते. म्हणून आधी ऊब, उरले तर वीज, हा क्रम बरा.

हे नुसते बोलणे नव्हे. ऑस्ट्रिया देशात डोंगरांमध्ये स्ट्रास नावाचे गाव आहे. तेथल्या सांडपाण्याच्या केंद्राने विजेचा खर्च कमी केला, गॅसवर चांगले इंजिन चालवले. २००५ साली त्याला जेवढी वीज लागली, त्याहून थोडी जास्तच त्याने तयार केली.

आपण यातून काय घ्यावे? गोबरगॅसची टाकी सावलीत नको, उन्हात असावी. थंडीत शेण कोमट पाण्यात कालवावे. आणि एक गोष्ट कधी विसरू नका. हा गॅस जसा कामाचा, तसाच घातकी आहे. टाकीजवळ विडी पेटवू नका. मैल्याच्या टाकीत कोणी उतरू नये, कोणाला उतरवूही नये. आत माणूस क्षणात गुदमरतो, आणि त्याला काढायला गेलेलाही परत येत नाही. टाकी यंत्रानेच उपसून घ्यावी.

घाणीतून वीज निघते, धगीतून काम निघते. गेलेला जीव मात्र परत येत नाही.