बसते, पण पेलते का?

रायफलची जुनी नळी काढून मोठ्या काडतुसाची नवी बसवली, बोल्ट नीट बंद झाला, की काम फत्ते झाल्यासारखे वाटते. धोका बहुधा तिथूनच सुरू होतो.

काडतुसातला वायू गोळीला पुढे ढकलतो, तसाच पितळी केसला मागे रेटतो. हा रेटा बोल्टवरचे पोलादी खुंट, म्हणजे ‘लग’, आणि ते ज्यात अडकतात ते घर सोसते. या सगळ्याला मिळून ‘ॲक्शन’ म्हणतात. रेटा म्हणजे दाब गुणिले बुडाचे क्षेत्रफळ, गणित शाळेतलेच. १९०६ सालच्या .३०-०६ काडतुसाचे बूड १२ मिलिमीटर, कमाल दाब ४,०५० बार. बुडाचा बाहेरचा व्यास धरला तर भार साडेचार टनांच्या थोडा वर. .३३८ लापुआ मॅग्नमचे बूड सुमारे १५ मिलिमीटर, दाब ४,२०० बार. दाब जेमतेम चार टक्क्यांनी वाढला, भार मात्र साडेसात टनांजवळ गेला!

त्याहून फसवी जोडी .४१६ रिग्बीची. लंडनच्या रिग्बीचे हे १९११ सालचे काडतूस आफ्रिका आणि हिंदुस्थानातल्या मोठ्या शिकारीचे. कॉर्डाइट उन्हात तापले की दाब वाढे, म्हणून केस ऐसपैस आणि दाब कमी, आजच्या मापाने ३,२५० बार. .३३८ लापुआ याच केसवरून निघाले. जुने पितळ वाढीव दाबाला पुरेना, तेव्हा फिनलंडच्या लापुआ कंपनीने केसचे बूड आतून मजबूत केले. बाहेरून माप जवळपास तेच, त्यामुळे रिग्बीच्या बोल्टवर ते चपखल बसते. भार मात्र सुमारे तीस टक्के जास्त.

लांबीचेही तसेच. .३७५ हॉलंड अँड हॉलंड साध्या माउझर ९८ मध्ये मावावे म्हणून कारागीर आतले पोलाद तासतात. खालच्या लगचा आधार नेमका तिथेच असतो.

आधार कमी पडला की लगची बैठक दबत जाते, काडतुसामागची फट वाढते. बोल्ट जड उघडणे, केसच्या बुडाजवळ चकचकीत कडे दिसणे, या खुणा दिसल्या की गोळीबार थांबवून रायफल जाणकार बंदूक-कारागिराकडे न्यावी. केस फाटलीच तर तापलेला वायू आणि पितळेचे कण वीतभर अंतरावरच्या डोळ्यांकडे येतात. संरक्षक चष्मा म्हणूनच हवा. तरीही कण डोळ्यात घुसला, तर डोळा चोळू नये, दाबू नये, रुतलेले काही ओढून काढू नये. वर दाब न येईल असे कडक आवरण ठेवून थेट नेत्ररुग्णालय गाठावे.